देऊळ फिरलं, पण कुठलं?

औंढ्याला नागनाथाच्या देवळात नंदी देवाच्या समोर नाही, मागे आहे. कारण विचारा, कयाधूकाठच्या नरसी नामदेवमधलं शाळकरी पोरही सांगेल. नामदेव महाराजांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं.

पीएच.डी.ला बसलेल्या मुलानं इथं मान डोलवून भागत नाही. ही गोष्ट लिहिलेली कुठं सापडते? पंजाबात 1604 मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांतल्या एका पदात जातीवरून देवळाबाहेर काढल्याची आणि देऊळ फिरल्याची हकिकत आहे. गावाचं नाव मात्र नाही. ना औंढा, ना पंढरपूर. मग आणखी एक फाटा फुटतो: 'नामा' अशी मुद्रा असलेले अभंग एकाच माणसाचे नाहीत, विष्णुदास नामा हा नंतरचा कवी. कोणता अभंग कोणाचा, हे प्रत हातात घेऊनच ठरवावं लागतं.

गुरुमुखी शिकून मूळ पद वाचलं, की बहुधा त्या मुलाला गाईडपेक्षा एक गोष्ट जास्त कळलेली असते. संशोधकाचा आत्मविश्वास तिथं उगवतो. कोर्सवर्कच्या प्रमाणपत्रानं तो येत नाही.

असा आत्मविश्वास कसा दिसतो? मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय वंश श्रेष्ठ ठरतो, ही गाईडची धारणा. कर्वेबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असं प्रबंधातच लिहून दिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, आणि गुण देणाऱ्याच्याच तोंडावर!

आपल्याकडे नोव्हेंबर 2022च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. बरं झालं, पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचं दुकान तेवढं मंदावेल. दर सत्राला सल्लागार समितीपुढे काम मांडण्याची अट मात्र आहे. खरं शिक्षण तिथंच होऊ शकतं, समितीनं सही करण्याआधी दोन अडचणीचे प्रश्न विचारले तर.

नामदेवांवर काम करणाऱ्यासाठी अशी समिती गावातही भरवता येईल. नरसीप्रमाणेच कऱ्हाडजवळचं नरसिंगपूरही त्यांचं जन्मगाव म्हणून सांगितलं जातं. सिनॉप्सिस मंजूर होण्याआधी विद्यार्थ्यानं हा वाद नरसीच्या पारावर बसून मोठ्यानं मांडून पाहावा. चहा मिळेल. पुरावा मात्र कप खाली ठेवायच्या आत मागतील.