कुळ, वेग आणि मोल

बर्मिंगहॅम येथें डॉक्टरकी करून निवृत्त झालेला आमचा एक जुना विद्यार्थी दर दिवाळीस आम्हांस पत्र लिहितो. गेल्या पत्रांत त्यानें विलक्षणच प्रश्न घातला. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून त्यास एक जुनी स्पोर्ट्स मोटार घ्यावयाची आहे. "सर, जग्वार ई-टाइप घेऊं, कीं ॲस्टन मार्टिन डीबी४?" जग्वार त्या रकमेंत बसते, ॲस्टनसाठीं पुण्याच्या वडिलार्जित वाड्यांतील हिस्सा विकावा लागेल. आम्हांस सायकलीपलीकडे कांहीं चालवितां येत नाहीं, हें तो जाणतो. तरीही त्यानें माहितीचें जाडें पुडकें पाठविलें, आणि आम्हीं तें नेटानें वाचून काढलें.

डीबी४ निघाली १९५८ सालीं. ई-टाइप १९६१ च्या मार्चांत जिनीव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली. कर धरून पहिलीस त्या काळीं सुमारें ४००० पौंड पडत, दुसरीस सुमारें २१००. इतकें असून वेगांत स्वस्त गाडी महागीस हार जाणारी नव्हती. ३.८ लिटरचें सहा सिलिंडरांचें इंजिन, २६५ अश्वशक्ति, आणि ताशीं १५० मैलांचा डांगोरा! त्या डांगोऱ्यांत थोडी अतिशयोक्ति होती. पत्रकारांस दिलेल्या गाड्या कसून तयार केलेल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या गाडीस तो आंकडा सहसा साधत नसे. डीबी४ ची धांव सुमारें १४० मैलांची. आज या गाड्या साठीच्या घरांत आहेत, आणि आमचा विद्यार्थीही. तेव्हां त्या शेवटल्या दहा मैलांचा विचार आम्हीं सोडून दिला.

कुळाचा विचार मात्र सोडवेना. स्थळ पाहतांना आपल्याकडे कुळ विचारतात. पण शहाणा माणूस आडनांवाशींच थांबत नाहीं, पूर्वजांचा गुण मुलांत कितपत उतरला आहे तें पाहतो. फ्रान्सांत ले माँ येथें चोवीस तासांची शर्यत होते. तींत जग्वारनें १९५१, १९५३ आणि मग १९५५ पासून लागोपाठ तीन वर्षें विजय मिळविला. हे शेवटले तीन विजय डी-टाइप या गाडीचे. तिचा मधला भाग म्हणजे वेगळ्या चौकटीवांचून आपलाच भार पेलणारी पत्र्याची पेटी, आणि पुढें इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा. हीच रचना ई-टाइपमध्यें आली. दोघींचा आकार बेतणारा माल्कम सेयर हाही एकच. ॲस्टननेंही १९५९ सालीं ले माँ जिंकलें, परंतु तें डीबीआर१ या शर्यतीच्या गाडीनें. डीबी४ चें इंजिन निराळें, सांगाडाही निराळा. नातें आहे, पण चुलत.

मग ॲस्टनची किंमत आज कित्येक पट कां? एक कारण संख्या. डीबी४ सुमारें ११०० च झाल्या. ई-टाइप ७२,००० हून अधिक. दुसरें कारण सिनेमा. डीबी४ ची धाकटी बहीण डीबी५ ही १९६४ च्या 'गोल्डफिंगर' चित्रपटांत जेम्स बाँडनें चालविली, आणि त्या झगमगाटाचा उजेड थोरलीवरही पडला. यांत गाडीचा गुण कोणता, हें आम्हांस अद्याप समजलेलें नाहीं.

दुर्मिळपणाचा भुर्दंड पुढेंही भरावा लागतो. ॲस्टनचें अंग बारीक पोलादी नळ्यांवर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून केलेलें. हे दोन धातु ओलाव्यांत एकमेकांस लागून राहिले कीं ॲल्युमिनियम खात जातें, आणि दुरुस्ती सारी हातकामाची. जग्वारही गंजते, नव्हे, भयंकर गंजते. पण तिचे सुटे भाग मिळतात आणि तें काम जाणणारे कारागीरही पुष्कळ आहेत.

२००८ सालीं टाटा मोटर्सनें जग्वार विकत घेतली, म्हणून ती घ्यावी असें आमच्या शेजाऱ्यांचें मत पडलें. साठ वर्षांपूर्वीं कॉव्हेंट्रींत झालेल्या गाडीचें पुण्य आपल्या पदरीं कसें पडावें?

जग्वारमध्यें तरी कोणती? अगदीं पहिल्या सुमारें ५०० गाड्यांच्या बॉनेटचीं कुलपें बाहेरून आहेत. त्यांसाठीं हौशी लोक जादा पैसे मोजतात. त्यांत पाय ठेवावयास जागा थोडी, आणि चालत्या गाडींत पहिला गिअर घालूं गेल्यास दांते करकरतात. ऑक्टोबर १९६४ मध्यें ४.२ लिटरची गाडी आली. अश्वशक्ति तीच, परंतु गिअर मऊ, ब्रेक व बैठक पुष्कळच बरी. आम्हीं त्यास ही घे असें लिहिलें. आणि दाराखालचा उंबरठा लोहचुंबक लावून पाहा, असेंही बजावलें. गाडीचा बराच भार तेथेंच पेलला जातो, आणि गंज लपविण्यास रंगारी तेथेंच लांबी भरतात. वाड्याविषयीं एक ओळही लिहिली नाहीं. तो प्रश्न त्याच्या घरचा.

परवां उत्तर आलें. पहिली गाडी लाल होती, आरशासारखी चकचकीत. त्यानें डाव्या उंबरठ्यास चुंबक लावला, तो घसरून खालीं पडला. विकणारा गृहस्थ आकाशाकडे पाहूं लागला म्हणे. येत्या शनिवारीं तो दुसरी गाडी पाहण्यास जाणार आहे; चुंबक खिशांतच आहे.