अपेक्षित पगार : हा रकाना आपल्या वतीनं कोण भरतंय?

बी.ए.च्या शेवटच्या सेमिस्टरला आमच्या कॉलेजात एक खाजगी कंपनी भरतीला आली होती. फॉर्मवर नाव, गाव, टक्के आणि सगळ्यात खाली एक रकाना : अपेक्षित पगार. माझं पेन तिथंच थांबलं. शेजारी बी.कॉम.चा मुलगा बसला होता, त्यानं बिनधास्त १८,००० लिहिलं. मी मनात म्हटलं, तो कॉमर्सचा, आपण राज्यशास्त्रवाले. आणि १२,००० लिहिलं.

दोघांचीही निवड झाली. काम एकच, टेबल शेजारी शेजारी, वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात. त्याला १८, मला १२. तीन महिन्यांनी धीर करून साहेबांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "तुम्हीच मागितलात की ओ!"

सहा महिन्यांत मी ती नोकरी सोडली आणि एम.ए.ला आले. पण ते ३६,००० रुपये अजून सलतात. साहेब खोटं बोलले नाहीत, आकडा माझ्याच अक्षरात होता. फक्त तो माझा नव्हता.

तो कुणाचा होता? दहावीनंतर "सायन्स मिळालं नाही म्हणून आर्ट्स घेतलं काय?" विचारणाऱ्या शेजाऱ्यांचा. "बी.ए. करून काय करणार?" म्हणणाऱ्या पाहुण्यांचा. आणि "लग्न होईपर्यंत वेळ जाईल" म्हणणाऱ्या घरच्यांचा. पाच-सहा वर्षं हे ऐकलं की फॉर्म भरताना पेन आपोआप खाली उतरतं. मुलींचं तर जरा जास्तच.

कुणी म्हणेल, पगार शाखेवरच ठरतो, बाजाराचा नियम आहे. मग जिथं पगाराचा आकडा उघड छापलेला असतो, तिथं बघा. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळ्यात खालच्या पायरीचा मूळ पगार २०१६ पासून १८,००० आहे. कर्नाटक सरकारचा ऑगस्ट २०२४ पासून २७,०००. ज्या पदाला कुठलीही पदवी चालते, तिथं बी.ए. आणि बी.एस्सी.ला पगार एकच. संशोधनासाठी नेट देऊन जेआरएफ मिळवली, तर महिन्याला ३७,०००, मग विषय राज्यशास्त्र असो की रसायनशास्त्र. इतकंच काय, युवा निधीत बेकार पदवीधराला दोन वर्षांपर्यंत महिना ३,००० मिळतात, तेही शाखा न विचारता. म्हणजे जिथं आकडा भिंतीवर लागतो, तिथं शाखा आड येत नाही. आकडा बंद खोलीत ठरायला लागला की शाखा हे निमित्त होतं.

सगळ्यांना सारखंच द्या, असं मी म्हणत नाही. उद्यमबागेत जो पोरगा ड्रॉइंग वाचून सीएनसी मशीन सेट करतो, त्याला हेल्परपेक्षा जास्त मिळायलाच पाहिजे. पण तो कामाचा भाव आहे. आम्ही दोघं तर एकाच फाइलींवर सह्या घेत फिरत होतो!

आता इंजिनिअरिंगवाल्यांनी हसू नये. त्यांचं दुखणं उलट्या बाजूचं आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच बेळगावात. त्यामुळं गल्लीगल्लीत इंजिनिअर आणि घराघरात सहा-सात लाखांच्या पॅकेजची स्वप्नं. माझ्या चुलतभावाला हिंजवडीत ३ लाख ६० हजारांचं पॅकेज मिळालं. गावात पेढे वाटले. त्याला भागलं तर महिना ३०,०००. त्यातून पीएफ, तेही कंपनीचा वाटा त्याच पॅकेजात धरलेला, शिवाय ग्रॅच्युइटी, विमा, व्यवसाय कर. हातात साधारण २५,०००. त्यातनं खाटेचं भाडं ७,०००, मेस ४,०००, येणंजाणं, मोबाइल, आणि वडिलांनी काढलेल्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता ९,०००. उरलं काय? दिवाळीला घरी आला तेव्हा काकूनं विचारलं, "पैसे का रे पाठवत नाहीस?" तो गप्प. कारण गावात सगळ्यांना पॅकेज माहीत होतं, हातात काय पडतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी कमी मागून फसले, तो मोठा आकडा ऐकून फसला. कारण एकच : खरा आकडा आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक गाठ आहे. कर्नाटकच्या सरकारी परीक्षेला बसायचं तर कन्नडचा सक्तीचा पेपर. महाराष्ट्रात अर्ज करायचा तर ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना संधी आहे, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. दोन्ही दारं उघडी आहेत म्हणतात, आणि दोन्हीकडं उंबरा उंच. ज्याला हे वेळेत कळत नाही, तो पुण्याची नाहीतर गोव्याची गाडी धरतो आणि मिळेल त्या पगाराला हो म्हणतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला वाटतं अक्कल असते, माहिती नसते.

म्हणून आपल्याच माणसांनाही दोन शब्द. मोर्चाला, काळ्या दिनाला पोरं लागतात, आणि आम्ही येतोही. पण दाखला कुठं, कसा काढायचा, अर्ज कधी सुटतात, हे सांगणारं टेबल वर्षभर कुठं लागतं? आणि कन्नडचा पेपर पास झालो म्हणजे मराठी सोडली असं होत नाही. आपला हक्क मागायचाच, पण तो मिळेपर्यंत पोटाची परीक्षा बुडवायची हे मला पटत नाही. मी सध्या रोज रात्री तासभर कन्नड लिहायला शिकतेय. बाजारात बोलता येतंच, पेपरात लिहिता यायला पाहिजे.

आणि हे आपण स्वतः करायचं. नोकरीला जाण्याआधी तिथं काम करणाऱ्याला विचारा, हातात किती पडतात? पॅकेज सांगणाऱ्याला विचारा, त्यात काय काय धरलंय? पगार तोंडी ठरवू नका, नियुक्तीपत्रावर घ्या. कॉलेजात भरती झाली की नुसता सगळ्यात मोठा आकडा फलकावर लावतात. त्यांना सांगा, सगळ्या शाखांचे सगळे आकडे लावा, आमचे १२,००० सुद्धा.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी. आपला पगार एकमेकांना सांगा. तालमीत, गणपतीच्या मंडपात, कट्ट्यावर. कमी असला तर लाजू नका, जास्त असला तर लपवू नका. त्या दिवशी मी शेजारच्या मुलाला "तू १८ कसे काय लिहिलेस रे?" एवढंच विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, "माझा भाऊ तिथंच आहे, त्यानं सांगितलं."

त्याच्याकडं फक्त एक भाऊ जास्त होता. आपण एकमेकांना तेवढं तरी होऊया.