मामूंची उघाडी आणि विलायतेतले लॉकगेट

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मामूंच्या घरी जमलो होतो. शिरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या होत होत्या, तेवढ्यात मामूंच्या नातवाचा व्हिडिओ आला. तो बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. व्हिडिओत शहराच्या मधोमध एक अरुंद कालवा, त्यात लांबुडकी रंगीत होडी, आणि होडीपुढे काळ्या लाकडाचे जाडजूड दार. एक बाई दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून ते ढकलत होती. दार उघडले, होडी आत गेली, दार मिटले, आणि थोड्या वेळात होडी पाण्यासकट वर चढली. मुलांनी तो तीनदा पाहिला. मामूंनी एकदाच पाहिला आणि म्हणाले, "ही तर आपली उघाडी हाय."

सगळे हसले. मलाही आधी हसू आले. मी भाषा शिकवते, पाण्याच्या दाबाचा धडा आमचे विज्ञानाचे सर घेतात. पण घरी येईपर्यंत मामूंचे वाक्य डोक्यातून जाईना, आणि पुढच्या आठवड्यात वाचत गेले तसे कळले की मामू बरोबरच बोलले होते.

मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांना उघाडी माहीत नसेल, म्हणून सांगते. आमच्या कासूच्या पश्चिमेला अंबा नदीची खाडी आहे. नागोठण्यापासून धरमतरपर्यंत तिच्या दोन्ही अंगांना सपाट भातशेती आहे, आणि ही शेती उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहे. म्हणजे मध्ये मातीचा बांध नसेल तर महिन्यातून दोनदा, अमावस्या-पुनवेला, शेतात खारे पाणी शिरेल. बांध घातला की खाडी बाहेर राहते, पण मग पावसाचे पाणी आत कोंडते. त्यासाठी बांधात एक मोरी ठेवतात आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला फळ्यांचे झुलते दार लावतात. भरती आली की खाडीचे पाणी दाराला दाबते आणि दार घट्ट बसते. ओहोटी लागली की आतले पाणी जड होते, दार ढकलते आणि खाडीत निघून जाते. इंजिन नाही, वीज नाही, माणूसही नाही. दिवसातून दोनदा दार आपोआप लागते आणि दोनदा आपोआप उघडते. हीच उघाडी.

ही जमीन कोणी आयती दिलेली नाही. खाजण अडवून, बांध घालून, पावसाने खार धुऊन काढून पिढ्यांनी ती केली आहे. पेण भागात अशा जमिनीसाठी शिलोत्री नावाची वेगळी वहिवाटच होती. बाहेरचा बांध राखणे हे त्या हक्काबरोबर येणारे काम होते. पुढे १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला, आणि मोठ्या बांधांचे काम सरकारकडे गेले. त्याने फायदा झाला, पक्क्या उघाड्या झाल्या. पण बांध "आपला" होता तो "त्यांचा" झाला, असे मामू म्हणतात. मी त्यांच्याशी यावर वाद घालते. भाऊबंदकीत पडून राहिलेले बांधही मी पाहिले आहेत.

आता विलायतेकडे वळते. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कालव्यांचे जाळे झाले. रेल्वे नव्हती, रस्ते चिखलाचे. कोळसा आणि चिनी मातीची भांडी न्यायची तर पाण्यातूनच. पण जमीन चढउताराची आणि पाणी तर चढत नाही. म्हणून कालव्याला पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरी म्हणजे दगडी हौद, दोन्ही टोकांना दारे. होडी खालून हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे, वरच्या कालव्याचे पाणी झडपेतून आत सोडायचे. हौद भरला की होडी वर, मग पुढचे दार उघडायचे. मोठ्या दाराची दोन पाने असतात, आणि ती सरळ रेषेत मिटत नाहीत. दोन्ही हातांचे पंजे समोर धरा, बोटांची टोके टेकवा आणि टोक जिकडून पाणी येते तिकडे करा. आता पाणी जितका जोर लावेल तितकी पाने एकमेकांना घट्ट भिडतील. शत्रूच्याच जोराने दार बंद! मामूंनी ओळखले होते ते हेच.

बिंगली गावात १७७४ सालापासून अशा पाच पायऱ्या एकाला एक जोडून उभ्या आहेत. होडी सुमारे साठ फूट चढते. डिव्हाइझेस गावाजवळ दोन मैलांत २९ पायऱ्या आहेत. नातवाच्या बर्मिंगहॅममध्ये तर भर शहरात तेरा.

तसे पाहिले तर आमच्या घराने लॉकगेट आधीच पाहिले होते. माझे नाना मुंबईच्या गोदीत होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतून कोणी खलाशी, कोणी सारंग, कोणी गोदी कामगार असायचाच. जुन्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदीत जहाज घ्यायचे तर भरतीची वाट पाहावी लागे. १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी सुरू झाली, आजची इंदिरा गोदी. तिच्या तोंडाशी ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद लॉक बांधले. जहाज त्यात घ्यायचे, पाण्याची पातळी सारखी करायची, मग गोदीत सोडायचे; भरती असो की ओहोटी. नाना म्हणत, "जहाजाला आधी कोठडीत घालतात, मगच माल उतरवतात." आम्ही पोरे त्याला गप्प समजायचो. नाना आज असते तर मी माफी मागितली असती.

पण मला सगळ्यांत आवडली ती अँडर्टनची होडी उचलायची लिफ्ट, १८७५ सालची. खाली वीव्हर नदी, पन्नास फूट वर कालवा. शेजारी-शेजारी दोन लोखंडी टाक्या, तराजूच्या पारड्यांसारख्या. एक खाली येते तेव्हा दुसरी वर जाते. प्रश्न असा की एका टाकीत मालाने भरलेली होडी आणि दुसरीत नुसते पाणी, तर तराजू कलणार नाही का? हा प्रश्न मी सातवीच्या वर्गात टाकला. सगळ्यांनी कलणार म्हणून हात वर केले. मग काठोकाठ भरलेल्या बादलीत स्टीलचा डबा तरंगत सोडला. डब्याच्या वजनाएवढे पाणी बाहेर सांडले, बादलीचे वजन होते तेवढेच राहिले. म्हणून होडी असो-नसो, टाक्या समतोल. वरची टाकी थोड्याशा पाण्याने जड केली की ती उतरते आणि दुसरीला चढवते.

वीव्हरवरून मीठ जायचे, आपल्या पेणसारखाच मिठाचा मुलूख तो. आणि त्या लिफ्टला खाल्ले कोणी? पाण्यानेच. पाण्यातल्या क्षारांनी आणि घाणीने दट्टे कुरतडले, म्हणून १९०८ साली ती विजेवर चालवावी लागली. १९८३ साली बंद पडली. लोकांनी पाठपुरावा केला, पैसा उभा राहिला, आणि २००२ साली ती पुन्हा सुरू झाली. मोडीत निघालेले कित्येक कालवेही तिथे असेच वाचले; सुटीच्या दिवशी लोक फावडी घेऊन गाळ उपसायला जात.

आमच्याकडची गोष्ट लहान आहे. काही वर्षांपूर्वी मामूंच्या पट्ट्यातल्या उघाडीच्या दारात एक ओंडका अडकला. दार वीतभर उघडे राहिले. कोणी पाहिले नाही. ज्यांनी पाहिले त्यांना वाटले दुसरा कोणी काढेल. मामूही त्यांतलेच, हे ते स्वतः सांगतात. उधाणाचे पाणी त्या फटीतून येत-जात राहिले, मोरीच्या कडेची माती धुपली, आणि श्रावणातल्या एका रात्री बांधाला खांड पडली. पोटरीला आलेले भात सकाळी खाडीत उभे होते. खांड बुजली, पण जमिनीतला खार जायला तीन पावसाळे लागले. शेजारच्या दोघांनी तेवढ्यात जमिनी विकल्या. पोरे आखातात किंवा कारखान्यात, भात कोणासाठी लावायचे? त्यांना नावे ठेवायला माझी जीभ वळत नाही.

मामूंनी मात्र त्या व्हिडिओनंतर नातवाला फोन लावायला सांगितला. मला वाटले, ईदीची चौकशी असेल. त्यांनी विचारले, "त्या दाराच्या फळ्या कोण बदलतं?"

नातवाने दोन दिवसांनी माहिती काढून सांगितले : दार ओक लाकडाचे, साधारण पंचवीस वर्षे टिकते, हिवाळ्यात कालव्याचे पाणी काढून बदलतात. रोजची देखभाल करणाऱ्यांत बरेच निवृत्त लोक, बिनपगारी.

मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पंचवीस? गोडं पाणी हाय त्यांचं. आपल्या खाडीत लाकडाला किडा लागतो." आणि नातवाला म्हणाले, "सुटीला येशील तर ओहोटीची वेळ बघून ये. तुला एक दार दाखवायचं हाय."

तो डिसेंबरात येतोय. आम्ही तारखा कॅलेंडरवर बघून ठेवल्या आहेत.