कॅमेरा नवा, तरी आधी अंधारात पाहावा

समजा, रायपूरच्या चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात मुंज आहे. मामाने नागपूरहून येताना खास नवा डिजिटल कॅमेरा आणला आहे. मातृभोजन, मंगलाष्टके, भिक्षावळ, सारे काही त्याने हौसेने टिपले. रात्री जेवणे आटोपल्यावर घरची मंडळी संगणकासमोर बसली आणि बटूच्या आत्याच्या लक्षात आले, की आपल्या जांभळ्या शालूवर एक लालभडक ठिपका आहे. आधी वाटले, पडद्याला कुणाचे कुंकवाचे बोट लागले असेल. पदराने पुसून पाहिले. ठिपका गेला नाही. पुढच्या फोटोत तो आजोबांच्या काळ्या कोटावर होता, त्याच्या पुढच्या फोटोत मांडवाच्या कनातीवर. फोटोतली जागा मात्र प्रत्येक वेळी तीच.

मुंज काही पुन्हा लावता येत नाही. दुकान सुमारे 300 किलोमीटरवर. आणि दुकानदार विचारणारच, ‘‘एवढे फोटो काढलेत, तोवर दिसले नाही का?’’ प्रश्न खोचक असला तरी अगदीच चुकीचा नाही. साडी घेताना आपल्याकडे ती दुकानाबाहेर उजेडात नेली जाते, उलटी करून वीण पाहिली जाते. चाळीस-पन्नास हजारांचा कॅमेरा मात्र खोक्यातून निघतो, देवापुढे जातो, त्याला हळदकुंकू लागते आणि तो थेट कार्यात दाखल होतो.

रोलच्या कॅमेऱ्याचे एक बरे होते. फिल्म खराब निघाली, तर पुढच्या रोलला तो दोष नसे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो आणि तो जन्मभराचा. 1975 साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, तेव्हा त्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणारे अवघे 10 हजार बिंदू, म्हणजेच पिक्सेल, होते. आजच्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे 6000 आणि उभे 4000 असे 2 कोटी 40 लाख असतात. एवढ्यांत काही नासके निघणारच, तांदळात खडे निघतात तसे. कारखान्यात ते शोधून त्यांची नोंद कॅमेऱ्यात केली जाते. मग फोटो तयार होताना त्या बिंदूची जागा शेजारच्या बिंदूंच्या अंदाजाने भरली जाते. या चाळणीतून सुटलेले, किंवा नंतर बिघडलेले पिक्सेल तेवढे ग्राहकाच्या नजरेस पडतात.

त्यांचे तीन प्रकार. काही मेलेले असतात, त्यांना उजेडही कळत नाही. काही अडकलेले असतात, ते अंधारातही पेटलेलेच. आणि काही नुसते तापट असतात, एरवी ठीक वागतात, पण शटर जास्त वेळ उघडे राहिले किंवा कॅमेरा तापला, की चमकू लागतात. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते, म्हणून ठिपका सहसा याच रंगांत दिसतो.

तपासणीला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. आयएसओ 100 वर, फोटोचा आकार सर्वांत मोठा आणि दर्जा सर्वांत चांगला ठेवावा. मेन्यूत ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ नावाची सोय असेल, तर ती न विसरता बंद करावी. ती चालू असली, की कॅमेरा स्वतःच आणखी एक काळा फोटो काढून पहिल्यातून वजा करतो आणि शोधायचा तोच दोष झाकून टाकतो. मग भिंगावर झाकण लावावे, डोळा लावायच्या खिडकीवर जाड फडके टाकावे आणि अंधाऱ्या खोलीत तीन फोटो काढावेत : पहिला 1/60 सेकंदाचा, दुसरा 1 सेकंदाचा, तिसरा 30 सेकंदांचा. फोटो संगणकावर पूर्ण आकारात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहावेत. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर भरवसा ठेवू नये, कारण कधी कधी दोष त्या पडद्यातच असतो. फोटो मोठा करून सरकवला आणि ठिपका जागचा हलला नाही, तर तो पडद्याचा.

1/60 सेकंदाचा फोटो काजळासारखा काळा हवा. त्यात रंगीत ठिपका दिसला, तर तो खरा दोष. 30 सेकंदांच्या फोटोत मात्र ठिपके दिसतातच. तो सेन्सरचा स्वभाव आहे, त्यासाठी दुकानदाराशी भांडू नये.

रायपूरकरांनी एक गोष्ट जास्तीची करावी. अंधारातही सेन्सरमध्ये थोडी वीज आपोआप साठत राहते आणि तापमान 6 ते 8 अंशांनी वाढले, की ती साधारण दुप्पट होते. जानेवारीतल्या 20 अंशांच्या सकाळी शहाण्यासारखा वागलेला सेन्सर मे महिन्यात, पारा 44 वर गेला, की आठ ते सोळा पट उतावळा होतो. म्हणून तोच काळा फोटो दहा-पंधरा मिनिटे व्हिडिओ चालवून, कॅमेरा कोमट झाल्यावर पुन्हा काढावा. उष्णतेने सेन्सर दगा देतो, हे कंपन्यांनाही महागात पडले आहे. सोनीने बनवलेले काही सेन्सर उष्ण आणि दमट हवेत निकामी होऊ लागले, फोटो जांभळट किंवा वेडेवाकडे येऊ लागले. 2005 साली सोनीसह कॅनन, निकॉन, फुजी अशा अनेक कंपन्यांना हे जाहीर करून, वॉरंटी संपलेले कॅमेरेही फुकट दुरुस्त करून द्यावे लागले.

मेलेल्या पिक्सेलसाठी आणि धुळीसाठी उलटी परीक्षा. पांढरा कागद चांगल्या उजेडात धरावा, फोकस मुद्दाम बिघडवावा आणि एफ 16 वर फोटो काढावा. धूसर, गोलसर काळे डाग दिसले तर ती धूळ. एफ 4 वर ती जवळजवळ नाहीशी होते. टोकदार काळा बिंदू कुठल्याही आकड्यावर तसाच राहिला, तर पिक्सेल मेलेला. नव्या कॅमेऱ्यात धूळ कुठून, असे वाटेल, पण निकॉनच्या डी 600 या कॅमेऱ्यात तीच तक्रार इतकी झाली, की 2014 साली कंपनीने सफाई करून शटरसुद्धा मोफत बदलून दिले.

एखादा ठिपका निघाला म्हणून घर डोक्यावर घ्यावे का? नेहमीच्या 4 बाय 6 इंची छपाईत कॅमेऱ्याचे सुमारे 11 पिक्सेल मिळून कागदावरचा एक बिंदू होतो. आल्बममध्ये तो कुणाला दिसणारही नाही. शिवाय काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत ‘पिक्सेल मॅपिंग’ असते. ते चालवले, की नासका पिक्सेल नोंदीत जातो आणि काम भागते. नसेल, तर कंपनीच्या सेवाकेंद्रात करून मिळते. व्हिडिओची गोष्ट वेगळी. तिथे ठिपका नवरीच्या गालावर चिकटल्यासारखा तासभर तिथेच बसतो आणि तो काढणे कष्टाचे. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याने म्हणून एकही ठिपका सोसू नये.

बदलून मागायचा, तर कागद हवेत. बिलावरचा, खोक्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या अंगावरचा क्रमांक एकच आहे का, हे दुकानातच पाहावे. बिनबिलाचा कॅमेरा दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो आणि सेवाकेंद्राच्या खिडकीशी महाग. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलावर मुदत दिली नसेल, तर सदोष वस्तू 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कॅमेरा नागपूरला घेतला, तरी तक्रार रायपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कारण हा कायदा ग्राहकाला राहत्या ठिकाणी दाद मागू देतो. मुदत दोन वर्षे. वस्तू 5 लाखांपर्यंतची असेल, तर शुल्क नाही. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण नसते, पण स्वतःच्या पोटासाठी कॅमेरा चालवणारा एकटादुकटा फोटोग्राफर त्यात मोडतो.

वरातीतल्या लेसर झोताकडे मात्र कॅमेरा रोखू नये. त्याने सेन्सर क्षणात जळू शकतो, उभ्याआडव्या रेघा उमटतात, आणि असे जळणे सहसा वॉरंटीत बसत नाही.

पहिल्या दिवशीचे ते काळे फोटो पुसून टाकू नयेत. मूळ फाइल बिलाच्या फोटोसोबत जपून ठेवावी, आणि मे महिन्यात तसेच नवे फोटो काढून शेजारी ठेवून पाहावेत.