खोक्याचा खेळ आणि खेळाचं खोकं

पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

परवा इथे एका ताईंनी लिहिलं होतं की हल्लीच्या खेळण्यांच्या कंपन्या फार हुशार, खोकंसुद्धा खेळात धरतात, त्यामुळे काही वाया जात नाही आणि मुलांची कल्पनाशक्ती वाढते. खाली पंचवीस-तीस अंगठे आणि दोन फुलांचे गुच्छ. मी तीन ओळींत उत्तर देणार होतो, पण मनात फारच साठलं होतं. ताई, राग नसावा. खोकं खेळात येण्याला माझा विरोध नाही. खोकं फोडणं हाच खेळ करून तो लेकरांना विकण्याला आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत.

आधी माझ्या खोक्याची गोष्ट. १९६० च्या आसपासची. आम्ही दांडिया बाजारातल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचो. घडियाळी पोळीतला एक वर्गमित्र होता, त्याचे काका नैरोबीला. ते सुटीत आले तेव्हा त्याच्यासाठी मॅचबॉक्सची गाडी घेऊन आले. पाच नंबरची, लंडनची लाल दुमजली बस. तळहातावर मावेल एवढी, धातूची, जड. शाळेत आम्ही पंधरा जण त्या बसला हात लावण्यासाठी रांगेत उभे होतो. बस तो खिशात ठेवायचा, खोक्याची त्याला अडचण व्हायची. मला म्हणाला, "खोखुं जोइए छे?" मी हो म्हणालो. बस त्याची, खोकं माझं.

काडेपेटीसारखं खोकं. वर त्या बसचं चित्र. गाडी माझ्याकडे कधीच आली नाही, पण त्या खोक्यावर मी तीन-चार वर्षं काढली. खोकं म्हणजे बस. चिंचोके प्रवासी. न्यायमंदिरावरून निघायची, सूरसागरला वळसा घालून स्टेशनला जायची. वाटेत आजीच्या पाटाखाली बोगदा होता. आईने एकदा त्यात सुया ठेवल्या म्हणून मी दिवसभर जेवलो नव्हतो. तेव्हा "पॅकेजिंग हा खेळाचा भाग" हे मला कुणी शिकवायची गरज नाही. माझ्याकडे पॅकेजिंगच होतं, भाग तेवढाच.

पुढे मोठेपणी त्या खोक्याचा इतिहास वाचला, तोही ऐकण्यासारखा आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीतले जॅक ओडेल. त्यांच्या मुलीच्या शाळेचा नियम असा, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायचं. म्हणून त्यांनी रस्ता दाबायच्या इंजिनाची चिमुकली पितळी प्रतिकृती बनवून काडेपेटीत घालून दिली. तिच्या मैत्रिणींनाही तशी हवी झाली. १९५३ साली मॅचबॉक्स मालिका बाजारात आली. खोकं आधी आणि गाडी नंतर, असा हा क्रम आहे! खोक्याच्या मापावर गाडी बेतली.

त्या खोक्यात दोन गुण होते. एक, ते पुन्हा बंद व्हायचं. रात्री गाडी आत, सकाळी बाहेर. दुसरा, आत काय आहे ते बाहेर छापलेलं असायचं, चित्रासकट आणि नंबरासकट. घेणाऱ्याला ठाऊक असायचं आपण काय घेतोय. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला या दोन गोष्टींचं मोल वाटतं. चोपडी बंद करता आली पाहिजे आणि खात्यावर नाव असलं पाहिजे.

परदेशी खोक्याचंच कौतुक कशाला? आपल्याकडे काडेपेट्यांची आगगाडी कुणी केली नाही? दोन काडेपेट्या आणि मधे दोरा, हा टेलिफोन कुणाच्या घरी नव्हता? अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनियर. ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आगकाड्या व सायकलच्या वॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी मुलांना भूमिती शिकवली. पुढे पुण्याच्या आयुकात बसून कचऱ्यातून खेळणी करण्यात उभं आयुष्य घातलं. त्याआधी आपल्या ताराबाई मोडक. इथे गुजरातेत, भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे यांवर बालवाडी चालवली. या सगळ्यांनी टाकाऊ वस्तू मुलाच्या हातात दिली आणि आपण बाजूला झाले. पुढचं मुलाने करायचं.

आता आजचं खोकं बघा. ते बाजूला होत नाही.

ही वाट हळूहळू तयार झाली. १९६८ साली मॅटेलने हॉट व्हील्स आणल्या, त्या पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकच्या फुगवट्यात चिकटवलेल्या. फुगवटा फाडला की संपलं, गाडी परत आत जात नाही. १९७४ मध्ये इटलीच्या फेरेरोने चॉकलेटच्या अंड्यात पिवळी डबी आणि डबीत खेळणं घातलं. त्याचंच चुलत भावंड, दोन अर्ध्यांचं किंडर जॉय, आज आपल्या बारामतीत तयार होतं आणि प्रत्येक वाण्याच्या गल्ल्याशेजारी, बरोबर पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेलं असतं. मग यूट्यूबवर खोकी उघडण्याचे व्हिडिओ आले. मुलं तासन्‌तास दुसऱ्याने खोकं उघडताना बघू लागली. ते ओळखून २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या एमजीए कंपनीने एलओएल सरप्राइज काढलं. प्लॅस्टिकचा गोळा, त्यावर एकाखाली एक आवरणं, सात थरांत सात चकित करणाऱ्या गोष्टी. बाहुली शेवटी. कुठली बाहुली, ते फोडल्याशिवाय कळत नाही. सोबत कागद, त्यावर सगळ्या बाहुल्यांची चित्रं आणि कुठली "रेअर" याच्या खुणा. रिकाम्या गोळ्याचीही पर्स किंवा बाहुलीचं घर होतं. ताई म्हणतात ते हेच.

आमच्या घरी आला तो या कंपनीचा नव्हे, कुणा अनामिकाने केलेली नक्कल होती. नात सात वर्षांची. वाढदिवसाला कुणीतरी दिला. माझा चहा अर्धा व्हायच्या आत सगळे थर जमिनीवर. आतून निघाली तीच बाहुली, जी तिच्याकडे आधीच होती. मला वाटलं रडेल. रडली नाही. कागद पसरला, खुणांवर बोट ठेवून हिशेब केला आणि मला म्हणाली, "आजोबा, रेअर आली नाही. अजून पाच घेतले ना, तर नक्की येईल."

मंडळी, त्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. कारण ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. शाखेत असताना एक खातेदार होते, सज्जन, हातात कसब असलेले. आकड्याचा नाद लागला होता. भविष्यनिधीतून उचल घेण्याचा फॉर्म भरताना मला म्हणाले होते, "साहेब, अजून एक महिना. आता लागणारच." मी फॉर्म पुढे पाठवला, नियमात बसत होता. पुढे घर गेलं. इतक्या वर्षांनी तेच वाक्य, तोच विश्वास, सात वर्षांच्या तोंडून. आणि तिला ते कुणा जुगाऱ्याने शिकवलं नव्हतं. खोक्यासोबतच्या कागदाने शिकवलं होतं.

मी नाही म्हणालो. मग मात्र ती रडली. चिरंजीवांनी बाजूला घेऊन सुनावलं, "बाबा, वाढदिवसाच्या दिवशी कशाला? आणि तुम्ही नव्हता का सिगरेटची पाकिटं गोळा करत? त्यातही दुर्मिळ पाकिटाला जास्त भाव होता, तुम्हीच सांगता."

मुद्दा बिनतोड होता, मी दोन दिवस विचार केला. खरं आहे. चारमिनार ढिगाने मिळायचं म्हणून त्याला एक गुण, सीझर्सला जास्त, पासिंग शो मिळालं तर राजा. आम्हीही वेडे होतो. पण फरक आहे. आमची दुर्मिळता कंपनीने ठरवलेली नव्हती, आमच्या गल्लीतले काका लोक काय ओढतात त्यावर ठरायची. रावपुऱ्यात जे रेअर ते मांडवीला चिल्लर. गुण आम्ही लावायचो, भांडून बदलायचो. आणि पाकीट हवं म्हणून आम्ही पैसे मोजत नव्हतो, गटाराकाठाने फिरत होतो. आजची दुर्मिळता कारखान्यात ठरते: हजारात अमुक बाहुल्या कमी घाला, म्हणजे बाकीचे गोळे खपतील. आमचा खेळ बाजाराच्या उकिरड्यावर उगवला होता. हा खेळ म्हणजे बाजारच आहे, फक्त रंग गुलाबी.

आम्ही बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ शिकलो. १८७२ चा करार कायदा, कलम १३: दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली, तर ती संमती. कलम ३०: पैजेचा करार रद्दबातल. वकील मंडळी हसतील, मला ठाऊक आहे की हे खटल्यात टिकणार नाही. काहीतरी खेळणं मिळतंच, तेव्हा ती कायद्याने पैज नव्हे. पण मुलाला "काहीतरी" नको असतं. त्याने पैसे मोजलेले असतात त्या एका बाहुलीसाठी आणि विकणाऱ्याने विकलेली असते शक्यता. यात एकच गोष्ट एकाच अर्थाने कुठे आली? बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये व्हिडिओ गेममधल्या अशाच पैसे भरून उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. पडद्यावरची पेटी जुगार, तर पुठ्ठ्याची पेटी कल्पनाशक्ती? हा हिशेब मला जुळत नाही.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चांगलं झालं. टोक बोचतं का, रंगात विष आहे का, ते तपासलं जातं. पण आत काय आहे हे झाकून ठेवणं बोचतं का, ते कोण तपासणार?

आता एक कबुली. लाज वाटते, पण लपवून हा लेख पुरा होणार नाही. चार दिवसांनी सकाळी फिरायला गेलो असताना मीच एक गोळा विकत घेतला. म्हटलं, टीका करायची तर वस्तू बघून करावी. कमाटी बागेत बाकावर बसून फोडला. मंडळी, तिसऱ्या थरापाशी माझी बोटं थरथरत होती. बाहत्तरी ओलांडलेला माणूस, बाहुल्यांशी देणंघेणं नाही, तरी आत काय निघतं याची धडधड होत होती. आणि ते निघाल्यावर दोन मिनिटांत सगळं विझलं, मनात आलं, अजून एक घ्यावा का? तेव्हा कळलं की नातीचं काही चुकलं नव्हतं. वस्तू तशी बनवलीच आहे. रिकाम्या गोळ्याकडे बराच वेळ बघितलं. त्याचं घर होतं म्हणे. पण त्या घराला खिडकी कुठे, पलंग कुठे, हे सगळं आधीच साच्यात ओतलेलं. चिंचोक्याला त्यात जागा नव्हती.

म्हणून ताई, "खोकं वाया जात नाही" हे मला पटत नाही. त्या गोळ्याचा खेळ फोडण्यात आहे आणि फोडणं एकदाच होतं. माझं नैरोबीचं खोकं रोज उघडत होतं. आवरणं केराच्या टोपलीत जातात आणि गोळा आठ दिवसांनी पलंगाखाली सापडतो.

मागणं फार नाही. कंपन्यांनी आत काय आहे ते बाहेर छापावं. झाकायचंच असेल तर मुलांना झाकून विकू नये, मोठ्यांना विकावं, आम्ही आमचं बघून घेऊ. खोकं खेळाचं करायचं असेल तर पुन्हा बंद होणारं करावं. आणि आपण आजी-आजोबांनी, दुकानदाराने "साहेब, हेच चालतं" म्हटलं की पाकीट काढू नये. हट्ट मोडणं सोपं नसतं. त्या दिवशी नातीने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते दीड दिवस टिकलं. पण त्या खातेदाराचा फॉर्म मी नियमात बसतो म्हणून पुढे पाठवला होता. हाही नियमात बसतो. या वेळी मी सही करणार नाही.

माझं लंडन बसचं खोकं घर बदलताना कुठेतरी हरवलं. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असं एखादं जुनं खोकं, डबी, काडेपेटीची आगगाडी असेल तर खाली फोटो टाका आणि त्यात तुम्ही काय काय ठेवत होतात तेही लिहा. नातीला दाखवणार आहे.