सुपाचे मोल

उदगीरच्या मोंढ्यात तूर, मूग आणि उडीद यांची आवक सुरू झाली की भावातल्या पाच-दहा रुपयांच्या फरकावर दिवसाचे गणित ठरते. माल हातात घेऊन ओलावा सांगणारे, दाणा पाहून डाळीचा उतारा ओळखणारे अडते या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या झाले. धान्याची पारख करणाऱ्या याच घरांत, ते धान्य ज्या सुपात पाखडले जाते त्या सुपाच्या किमतीचा विचार मात्र क्वचितच होतो. सूप विकत घेताना एकच प्रश्न विचारला जातो : कमी किती करणार?

बुरूड समाजाच्या हातची वस्तू मराठी माणसाच्या आयुष्याला दोन्ही टोकांनी भिडलेली आहे. नवजात बाळाला सुपात ठेवण्याची रीत अनेक घरांत होती आणि शेवटच्या प्रवासाची तिरडीही बांबूचीच. मधल्या काळात भाकरीची दुरडी, तांदूळ धुण्याची रोवळी, फुलांची परडी, बाजाराचा हारा आणि धान्याची कणगी. तुळजापूरच्या भवानीच्या भक्ताची परडी याच हातांनी विणलेली. बळद आणि पेव यांच्या जोडीने मराठवाड्याचे धान्य सांभाळले ते शेणमातीने सारवलेल्या कणगीने. लातूर-धाराशिवच्या भागात वेळा अमावस्येला आजही भज्जी, आंबील आणि भाकरी टोपल्यांत भरून शेतात नेतात. त्या दिवशी अवघे शहर ओस पडते. वाटेवर दिसतात त्या डोक्यावरच्या टोपल्या.

ही वस्तू घडते कशी, हे पाहिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. बांबू म्हणजे झाड नव्हे, ते एक गवत. पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडलेला बांबू कमी किडतो, हे जुने कारागीर जाणतात. ओला बांबू सरळ चिरतो; वाळला की तो तडकतो आणि पाण्यात भिजवून घ्यावा लागतो. प्रथम कोयत्याने उभे भाग करायचे, मग गाठी साफ करायच्या, मग त्याच्या कामट्या आणि कामट्यांच्या पातळ पट्ट्या काढायच्या. सालीकडची पट्टी चिवट असते, ती काठाला आणि ताण येईल तिथे लागते. आतल्या बाजूची मऊ पट्टी विणीत भरतात. पट्टीची जाडी मोजायला कोणतेही साधन नसते. अंगठा आणि पाते यांच्यामधले अंतर हेच माप. टोपलीची वीण तळातून सुरू होते आणि तळ चुकला की कडा कधीच सरळ उभी राहत नाही. सुपाची परीक्षा त्याहून कठीण. पत्र्याच्या सुपावर दाणा घसरतो. बांबूच्या सुपात तो विणीवर थबकतो आणि फोलपट तेवढे पुढे निघून जाते. हा गुण विणीचा आहे, त्यामुळे तो कारखान्यातल्या पत्र्यात उतरत नाही.

आता हिशेब. समजा, एका सुपाची किंमत १५० रुपये सांगितली. त्यात बांबू, वाहतूक आणि बाजारात बसण्याचा खर्च मिळून ६० रुपये गेले, असे धरू. उरलेले ९० रुपये म्हणजे कारागिराची मजुरी. गृहिणीने घासाघीस करून सूप १२० रुपयांना घेतले. तिच्या दृष्टीने २० टक्के सूट मिळाली. परंतु बांबूचा भाव तिच्या बोलण्याने उतरलेला नसतो. उतरले ते ९० चे ६०. म्हणजे मजुरी एक तृतीयांशाने घटली. व्यापाऱ्याच्या दुकानात सूट दिली तर ती नफ्यातून जाते. बुरडाच्या पालावर दिलेली सूट सरळ त्याच्या ताटातून जाते. खरेदी-विक्रीचे पोटभेद जाणणाऱ्या घराला हा फरक एकदा दाखवला की पुन्हा समजावावा लागत नाही.

या धंद्याची दुसरी अडचण खेळत्या भांडवलाची आहे. किनवट-माहूरचा पट्टा सोडला तर मराठवाड्यात जंगल थोडे. त्यामुळे बांबू बहुधा बाहेरून येतो आणि रोखीने घ्यावा लागतो. मागणी मात्र सुगीत आणि लग्नसराईत एकवटलेली. पावसाळ्यात माल वाळत नाही आणि उघड्यावर बसून काम होत नाही. उधारीवर बांबू घेतला तर तो महाग पडतो, आणि उधारी फेडण्याच्या घाईत तयार माल मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. हात कुशल असूनही माणूस कर्जात राहतो, त्याचे कारण या चक्रात आहे.

कायद्यानेही या गवताला दीर्घकाळ अडवले. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेण्यासही परवान्यांचे अडथळे येत. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्ती करून वनाबाहेरचा बांबू या व्याख्येतून वगळला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने त्याआधीच, २०११ मध्ये, वनहक्क कायद्याच्या आधारे स्वतःच्या जंगलातील बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात मिळवला होता. शेताच्या बांधावर बांबू वाढला, तर उदगीरच्या कारागिराला तो जवळ आणि स्वस्त मिळू शकेल.

विणलेल्या वस्तूची किंमत जगात सर्वत्र घासाघिशीनेच ठरते असे नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात होपी नावाचा आदिवासी समाज सपाट माथ्याच्या डोंगरांवर राहतो. तेथील स्त्रिया गवताच्या जुडीभोवती युक्का वनस्पतीच्या पात्यांच्या पट्ट्या गुंडाळून किंवा रानझुडपांच्या काड्या विणून टोपल्या आणि पसरट ताटे करतात. लग्नात वराकडचे पुरुष वधूसाठी सुती वस्त्रे विणतात. या श्रमांची परतफेड वधूकडील स्त्रिया विणलेल्या ताटांनी आणि मक्याच्या पिठाने करतात. ती फेडण्यास कित्येक महिने लागतात आणि घरातल्या व नात्यातल्या अनेक हातांचा त्यात भाग असतो. वहीखात्याच्या भाषेत सांगायचे तर तिथे श्रम नावे पडतात आणि श्रमच जमा होतात. ताट बाजारात विकलेही जाते. पण लग्नात दिलेल्या ताटावर कोणी भाव पाडून मागत नाही, कारण समोरच्या घरानेही तितकेच दिवस मागावर काढलेले असतात.

हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता आणि त्याच जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात बिज्जल राजाचा भांडारी असलेल्या बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात मेदार केतय्या हा टोपल्या विणणारा शरण सन्मानाने बसत असे. बांबूच्या पेरातून निघालेले आयते धन त्याने फेकून दिले आणि स्वतःच्या श्रमाची टोपली विकूनच घर चालवले, अशी कथा त्याच्याविषयी सांगतात. राज्याचा खजिना सांभाळणारा आणि टोपली विणणारा एका पंगतीत बसले ते ‘कायक’ या विचारामुळे : प्रामाणिक श्रम हीच पूजा.

आजचा भांडारी म्हणजे बँक. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपली, चटई व झाडू तयार करणाऱ्यांचा समावेश आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला प्रशिक्षणानंतर तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते; मुदत १८ महिने. ते नीट फेडल्यास दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत, मुदत ३० महिने. व्याजाचा दर ५ टक्के. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य वेगळे. नोंदणी सामाईक सेवा केंद्रातून होते. उधारीच्या बांबूचे चक्र तोडण्यास ही रक्कम पुरेशी आहे. अडते ते कागदपत्रांपाशी. आधार, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक यांची जुळणी नसली की अर्ज तिथेच थांबतो.

मोंढ्यातील प्रत्येक पेढीवर कागदपत्रांत मुरलेला एक तरी मुनीम असतो. बुरूड गल्लीतील एका कुटुंबाचा अर्ज भरून देण्यास त्याचा एक तास जाईल. आणि पुढच्या सुगीत सूप घेताना घरच्या बाईने सांगितलेली किंमत मोजून दिली, तर घराच्या खर्चात तीस रुपयांची भर पडेल. विणणाऱ्या घरात त्या तीस रुपयांचे पीठ येईल.