गाडीच्या दाराला पोचा पडू नये म्हणून

सांगलीच्या एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. दिवाळीत नवी गाडी घेतली, चाळीसभर घरी पेढे वाटले, आणि संक्रांतीच्या आत दोन्ही दारांवर मिळून तीन पोचे! 'दुकानात गेले तर त्याने वीस प्रकार दाखवले. त्यातले नेमके काय घ्यावे ते सांगा,' असा त्यांचा प्रश्न. पण पत्राच्या शेवटी, समासात तिरपी लिहिलेली एक ओळ आहे : 'शेजारच्या वहिनींशी बोलणे बंद आहे. यंदा हळदीकुंकवाला मी त्यांना बोलावले नाही.'

खरं सांगू का, त्या तिरप्या ओळीमुळेच हा विषय आज घेतला.

आमच्याकडे गेल्या वर्षी हेच झाले, फक्त बाजू उलटी होती. आमच्या डावीकडे ज्यांची गाडी उभी असते त्यांच्या दारावर एकाखाली एक असे चार बारीक पोचे पडले. ते गृहस्थ भले आहेत, पण एक दिवस जिन्यात आमच्या ह्यांना म्हणालेच, "जरा दार जपून उघडत चला." झाले! हे तावातावाने वर आले. "आपलं दार तिथं लागूच शकत नाही," असे चारदा म्हणाले. मी काही बोलले नाही. रात्री सगळी निजानीज झाल्यावर शिवणाची टेप घेतली आणि खाली गेले. आमच्या मागच्या डाव्या दाराची कड जिथे सर्वात पुढे येते ती जागा जमिनीपासून २६ इंचांवर. त्यांच्या दारावरचे पोचे मोजले, तर तेही २६ इंचांच्या आसपासच. पोटात अगदी धस्स झाले.

दोष कोणाचा म्हणावा? सासूबाईंचे गुडघे धरलेले. दार पुरते उघडून, त्यालाच धरून त्या उतरतात. भार पडला की दार आणखी चार बोटे पुढे सरकते. आता त्यांना काय देवळात येऊ नका म्हणायचे? तर मैत्रिणींनो, त्या रात्रीपासून मी या विषयात लक्ष घातले. दुकाने पालथी घातली, गॅरेजवाल्याचे डोके खाल्ले. ते सारे आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक समजून घ्या. हल्लीच्या गाड्यांच्या दारांचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरच जाड असतो. स्टीलचे पातेले सपाट जमिनीवर पडले तर बहुधा निभावते, पण ओट्याच्या धारेवर आपटले की पोचते. तसेच हे. शेजारच्या दाराची कड म्हणजे ओट्याची धारच. सारा जोर चिंचोक्याएवढ्या जागेवर येतो. म्हणून उपाय दोनच : धार बोथट करायची, नाहीतर मार बसणाऱ्या जागी जाड काहीतरी लावायचे. दुकानदाराने दाखवलेल्या वीस वस्तूंपैकी या दोहोंत जी बसत नाही ती शोभेची समजावी.

आणि जागा तरी कुठे उरली आहे? १९८३ साली जी मारुती ८०० आली तिची रुंदी १४०० मिलिमीटरच्या घरात होती. आजची स्विफ्ट १७३५, क्रेटा १७९०. पार्किंगचा पट्टा मात्र आमच्याकडे आहे तोच, अडीच मीटरचा. गाड्या अंगाने भरल्या, जागा तेवढीच.

आता वस्तूंकडे वळू. गाडीच्या कुशीवर आडवी लावायची पट्टी, तिला दुकानात साइड बीडिंग म्हणतात, तीच खरी कामाची. पूर्वीच्या कितीतरी गाड्यांना ही काळी पट्टी कंपनीकडूनच येई. नव्या गाड्यांना ती दिसेनाशी झाली, कारण गाडी गुळगुळीत दिसायला हवी ना! घेताना तीन गोष्टी पाहा. पट्टी निदान बोटभर उठून हवी. नखाने दाबल्यावर किंचित दबली पाहिजे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ती योग्य उंचीवर बसली पाहिजे. तयार संचातली पट्टी कुठे लावायची ते दुकानदार डोळ्यांनी ठरवतो, आणि बहुतेक वेळा दिसायला बरी म्हणून ती फार खाली लावतो. शेजारची गाडी उंच असेल तर तिच्या दाराची कड पट्टीच्या वरच लागणार. म्हणून आधी टेप घेऊन खाली जा. शेजारच्या गाडीच्या दाराची कड कुठे सर्वात पुढे येते ते त्यांच्या देखत, त्यांना सांगून मोजा, आणि तेवढ्याच उंचीवर आपल्या दारावर कागदी चिकटपट्टीची खूण करा. आपल्या दाराचा फुगवटा त्या पट्टीच्याही पुढे येत असेल तर ती पट्टी असून नसून सारखी. उंच गाड्यांना खाली जो काळा प्लॅस्टिकचा पट्टा कंपनीच देते, त्यावर विसंबू नका. तो खडी नि चिखलासाठी ठीक, पण दाराचा मार त्याच्या वर बसतो.

चकचकीत क्रोमच्या पट्ट्या मात्र घेऊ नका. त्या पातळ आणि कडक. मार बसला की त्या तडकतात आणि खाली पोचा तो पडतोच. पैसे दोनदा.

दुसरी वस्तू म्हणजे दाराच्या कडेवर बसणारी पन्हळीसारखी रबरी पट्टी, डोअर एज गार्ड. ही पुष्कळजणी आपली गाडी वाचवायला म्हणून घेतात. तिने आपल्या कडेचा रंग वाचतो हे खरे, पण मुख्य म्हणजे ती शेजाऱ्याची गाडी वाचवते. धार बोथट होते ना. आम्ही पहिली खरेदी हीच केली. हे म्हणाले, "आपल्या पैशांनी त्यांची गाडी सांभाळायची?" मी म्हटलं, "अहो, पोचे आपलेच आहेत." त्यावर गप्प बसले.

या पट्टीत एक खोट आहे, ती कोणी सांगत नाही. आत पत्र्याची चिमटी असलेली पट्टी घट्ट बसते, पण रंग खरवडू शकते, आणि आत पाणी साठले तर तिथूनच गंज धरतो. कोकणातल्या, मुंबईतल्या मैत्रिणींनी तर विशेष जपावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पट्टी काढून, कड पुसून, वाळवून परत लावावी. दाराच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोके असतात. पट्टी तिथवर नेऊ नये. आणि पुरी लावण्याआधी दोन इंचांचा तुकडा लावून दार नीट मिटते का ते पाहावे.

नव्या गाडीच्या दारांवर फोमचे छोटे चौकोनी तुकडे चिकटवलेले येतात ना? कारखान्यातून दुकानापर्यंतच्या प्रवासासाठी ते असतात. आपल्याकडे ते दोन-दोन वर्षे तसेच ठेवायची रीत पडली आहे, सोफ्यावरचे प्लॅस्टिक न काढण्यातलीच गत! फोम पाणी आणि धूळ धरून ठेवतो, खालच्या रंगावर डाग राहतो, आणि डिंक असा वाळतो की काढता काढता जीव जातो. काढायचे असतील तर केस वाळवण्याचे यंत्र हातभर अंतरावरून मिनिटभर फिरवावे, जाड नायलॉनच्या दोऱ्याने करवतीसारखे कापावे, आणि उरलेल्या डिंकावर खोबरेल चोळून साबणाच्या पाण्याने धुवावे. सुरी किंवा उलथने अजिबात लावू नये.

काढघाल करता येणाऱ्या लोहचुंबकाच्या गाद्या मिळतात. कल्पना छान, पण खाली धुळीचा कण राहिला तर रंगावर ओरखडे उठतात, आणि सोसायटीबाहेर लावल्या तर परत मिळतील याची खात्री नाही. रंगावर बसवायची पारदर्शक फिल्म ओरखडे वाचवते, पोचा नाही. आणि कोणी पुढे-मागे लोखंडी गार्ड बसवून घ्या म्हणाले तर सरळ नाही म्हणा. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे. दंड भरावा लागतो, आणि दारांना त्यांचा उपयोग शून्य.

बीडिंग घरी लावता येते, अवघड नाही. गाडी धुवून वाळू द्यावी. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मे आणि निम्मे पाणी, यात मऊ फडके भिजवून ती जागा पुसावी. पॉलिशचा अंश राहिला तर पट्टी महिन्यात सुटते. आधी दोरा ताणून सरळ रेषा पाहावी, मग पाठीवरचा कागद थोडा थोडा सोडत तळहाताने जोर देऊन चिकटवावी. पावसाळी हवेत हे काम काढू नये. निदान एक दिवस गाडी धुवू नये.

पडलेल्या पोच्यांचे काय? रंग तडकला नसेल तर आतून हळूहळू दाबून पोचा काढणारे कारागीर असतात, पुन्हा रंग द्यावा लागत नाही. कडेजवळचा पोचा मात्र त्यांनाही जड जातो. विम्याकडे धाव घेण्यापूर्वी हिशेब मांडा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये आपलेच जातात. शिवाय दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते, ती सहसा शून्यावर येते. (सूट स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावरच असते, बरं का.) एका पोच्यासाठी हे परवडत नाही.

आता आमचे शेवटी काय झाले ते सांगते. रबरी पट्टी लावली त्याच दिवशी संध्याकाळी मी शेजारी गेले. म्हटले, "वहिनी, ते पोचे आमच्याच दाराचे. मी मोजून पाहिलं." त्या क्षणभर बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुम्ही भांडायला आलात!" चहा झाला. पोचे काढायचा खर्च आम्ही दिला. आणि चहा घेता घेता त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने कागदावर चित्र काढून जी युक्ती दाखवली, तिला एक पैसाही लागला नाही.

ते गाडी सरळ आत घालतात, आम्हीही तसेच करत होतो. म्हणजे त्यांची चालकाची बाजू आणि आमची सासूबाईंची बाजू समोरासमोर. आता आम्ही गाडी उलटी, मागे घेत लावतो. दोन्ही चालकांची दारे समोरासमोर आली. आम्ही आमच्या खांबाकडे सरकतो, ते त्यांच्या भिंतीकडे. दोन पट्ट्यांचे मिळून पाच मीटर, दोन गाड्यांचे साडेतीन. कडेला वीत-वीतभर सोडूनही मध्ये मीटरभर जागा मोकळी राहते. खांबाला जुन्या योगासनाच्या चटईचा तुकडा २६ इंचांवर गुंडाळून बांधला आहे. सासूबाई गेटापाशीच उतरतात, मग गाडी आत जाते. त्यांना उतरताना आता दाराचा आधार लागत नाही. वहिनी खाली असल्या तर हात देतात.

सांगलीच्या मैत्रिणी, तुमची बीडिंग घेण्याआधी एवढे करा. तीनही पोच्यांची उंची मोजा, आणि शेजारच्या दाराची कडही मोजा. आणि हो, तुमच्या स्वतःच्या दाराची कड किती इंचांवर येते, तेही त्याच कागदावर लिहून कळवा.